नापास बाटली

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता दोन नंबरच्या टाकीत दही लागलं नाही. टाकीवाल्याने झाकण उचललं, पळी घातली, पळीतून पांढरं पाणी गळालं आणि तो पळत विरजणाच्या काचेच्या खोलीशी आला. "मावशी," तो म्हणाला, "दूध तसंच आहे."

मावशीच्या हातातला थर्मामीटर मोरीत पडला. सत्तावीस वर्षांत एखादी बाटली रुसली असेल, एखादी बरणी बिघडली असेल, पण टाकीबद्दल असं वाक्य तिच्या कानावर कधी आलं नव्हतं.

ही मावशी नात्याने डेअरीत एकाच माणसाची मावशी होती, कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या पोरीची. भाची हाक मारते म्हणून टाकीवाला मारू लागला, मग पॅकिंगच्या बायका, मग ड्रायव्हर. शेवटी तिच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले मॅनेजरसाहेबही मावशी म्हणायला लागले, तेव्हा तिने एकदा नाक मुरडलं आणि विषय सोडून दिला.

तिचं काम विरजण सांभाळायचं. घरी आपण कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात कालवतो, तेच काम. फक्त इथे दूध टाक्यांनी यायचं आणि विरजण बादल्यांनी लागायचं. म्हणून एका छोट्या बाटलीत ते जपायचं, बाटलीतून बरणीत वाढवायचं, बरणीतून बादलीत, बादलीतून टाकीत. त्या पहिल्या बाटलीला सगळे आईची बाटली म्हणत. ती आईची बाटली मावशीच्या ताब्यात होती, आणि ती डोळ्यांत तेल घालून जपत होती असं म्हटलं तरी कमीच आहे. नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर तिला आठवायचा नाही, पण बाटली कोणत्या दिवशी किती मिनिटं उशिरा लागली होती ते तारखेसकट सांगेल!

ही बाटली तिला दिली तिच्याआधी विरजण सांभाळणाऱ्या वस्तादांनी. ती मुळात झाकणं लावायला म्हणून डेअरीत आली होती. एके दिवशी समोरून जाणारा दुधाचा कॅन तिने नुसत्या वासावरून नासका म्हणून बाजूला काढला. मशीनने तासाभराने तेच सांगितलं. वस्तादांनी त्याच संध्याकाळी तिला झाकणांवरून उचलून विरजणाच्या खोलीत आणलं आणि सात वर्षं हाताखाली ठेवून घेतलं. माणूस तापट होता, शिकवायचा थोडं आणि ओरडायचा फार. निवृत्तीच्या दिवशी मात्र बाटली तिच्या हातात देऊन ते एवढंच म्हणाले, "चव बदलू देऊ नकोस. बाकी तुला काय वाट्टेल ते कर."

तेव्हापासून दर रविवारी ती दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी वाटीभर दही घेऊन जायची. वस्तादांना आता नीट दिसत नव्हतं. ते चमचा तोंडात घालायचे, डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. ही मान हलली की मावशीचा आठवडा सुरू व्हायचा.

आणि आता टाकी लागली नव्हती.

मंगळवारी एक आणि तीन नंबरच्या टाक्याही गेल्या. दूध ताजं, उष्णता बरोबर, टाक्या चकचकीत. मावशीने ओळखलं. बारा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये हे तिला शिकवलं होतं, फक्त पाहायची वेळ आली नव्हती. दही लावणारे जिवाणू असतात आणि त्या जिवाणूंनाही खाणारे विषाणू असतात. माणसाला त्यांचा काही त्रास नाही, पण विरजणाचा ते फडशा पाडतात. एक विषाणू एका जिवाणूत शिरतो आणि अर्ध्या तासात शंभर होऊन बाहेर पडतो. चार तासांत टाकीभर जिवाणूंमध्ये जिवंत सापडणं मुश्कील.

मॅनेजरसाहेब काचेच्या खोलीबाहेर उभे राहिले. आत यायची कुणालाच परवानगी नव्हती. दारावर तशी पाटी मावशीनेच लावली होती.

"मावशी, शुक्रवारी सकाळी दहापर्यंत थांबतो," ते म्हणाले. "टाकी लागली तर लागली. नाहीतर शनिवारपासून पाकिटातलं विरजण आणायचं. जगभर तेच वापरतात हो. फाडायचं, ओतायचं."

"आणि आईची बाटली?"

साहेबांनी मोरीकडे पाहिलं, मग लगेच दुसरीकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "तुमच्यासाठी पॅकिंगला जागा आहे," ते म्हणाले. "खुर्चीवर बसून काम."

खुर्चीचं नाव काढलं आणि मावशीचं डोकं सणकलं. पण बोलायला तोंड कुठे होतं? टाक्या तर तिच्याच विरजणाने घालवल्या होत्या. ती मुकाट्याने बाटल्या पुसत बसली.

आता इथे वस्तादांची एक खोड सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं त्या खोडीवर उभं आहे. डेअरीचा नियम असा की फसलेलं दूध त्याच क्षणी ओतायचं आणि भांडं कॉस्टिक सोड्याने धुवायचं. नियम चांगलाच आहे, त्याला कोण नावं ठेवील! पण वस्ताद फसलेल्यातलं एक बाटलीभर काढून उबेच्या पेटीत खालच्या फळीवर ठेवायचे. का, विचारलं की म्हणायचे, "नापासाचं तोंड दोन दिवस बघायचं. मग धुवायचं." त्यामागे काही शास्त्र होतं असं नाही. आपल्या हातून काय झालं ते विसरू नये, एवढाच हट्ट. मावशीने हट्ट पुढे चालवला. या वेळीही तीन टाक्यांच्या तीन नापास बाटल्या खालच्या फळीवर उभ्या होत्या, आणि साहेबांना त्याचा पत्ता नव्हता.

बुधवारी सकाळी ती कामावर आली, पेटीचं दार उघडलं, आणि सवयीने सोमवारची बाटली तोंड बघण्यापुरती तिरकी केली.

आतलं हललं नाही.

तिने आणखी तिरकी केली. हललं नाही! घट्ट, पांढरं, काठाला किंचित पिवळं पाणी सुटलेलं दही, शिस्तीत लागलेलं, अठ्ठेचाळीस तास उशिरा. शेजारच्या दोन बाटल्या अजून पाण्यासारख्या डुचमळत होत्या. मावशीने अशी आरोळी ठोकली की टाकीवाला हातात पाना घेऊन धावत आला.

"काय झालं? भाजलं का?"

"लागलं!" मावशी म्हणाली. "अरे, मेलेलं लागलं! भाचीला बोलव. पळ!"

भाची आली ती चहाचा कप घेऊनच. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पाटीच्या आत ओढलं, आणि कपासकट ओढलं. बाटली तिच्या नाकासमोर धरली आणि एका दमात सगळं सांगितलं. भाचीने बाटलीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, कप ठेवला आणि फोनवर वाचायला बसली. वाचता वाचता तिचे डोळे मोठे होत गेले.

"मावशी, यात कोट्यवधी जिवाणू होते ना? त्यातले थोडे वाचले. काहींचं कवच जन्मतःच जरा वेगळं होतं, विषाणूला चिकटायला जागाच मिळाली नाही. आणि काहींनी... थांब, हे ऐक! काहींनी विषाणूचा एक तुकडा कापून स्वतःच्या आत ठेवून दिला. स्वतःच्या जनुकांत! पुन्हा तसलाच कोणी आला की तुकड्याशी ताडून बघायचं, आणि जुळला की त्याचे तिथल्या तिथे दोन तुकडे करायचे. आणि ही ओळख त्यांच्या पोरीबाळींनाही मिळते."

"म्हणजे चोराचा फोटो घरात लावून ठेवायचा."

"अगं, मी पगार कशाचा घेते मग!" भाची उभीच राहिली. "माझं तेच तर काम आहे. प्रत्येक व्हायरसचा एक तुकडा आमच्या यादीत असतो. आलेली प्रत्येक फाइल त्या तुकड्यांशी ताडून बघायची. हे मला शिकायला चार वर्षं लागली आणि तुझ्या दह्याला दोन दिवस!"

दोघी एकमेकींचा हात धरून त्या एवढ्याशा खोलीत लहान मुलींसारख्या हसत सुटल्या. टाकीवाला बाहेरून बघत होता. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

पण हसून टाकी भरत नाही. मावशीने पदर खोचला. एक नापास बाटली दोन दिवसांनी लागली, एवढ्यावर साहेब ऐकणार नव्हते, आणि खरं तर तीही ऐकणार नव्हती. वाचलेलं विरजण विषाणूसमोर उभं राहतं का, हे बघायला हवं होतं. तिने सोमवारच्या बाटलीत सुटलेलं पाणी निवळून घेतलं आणि ट्रेनिंगमध्ये मिळालेल्या बारीक गाळणीतून सोडलं. त्या गाळणीतून जिवाणू जात नाहीत, विषाणू जातात. खाली उतरलं ते विरजणाला निव्वळ विष. मग तीन बाटल्या ताजं दूध, त्यात वाचलेलं विरजण, आणि प्रत्येकीत चमचाभर विष. चौथ्या बाटलीत तेच विष आणि आईच्या बाटलीतलं जुनं विरजण.

चौथीची पाळी आली. सत्तावीस वर्षं जिला जिवापाड जपलं तिच्या तोंडात आपणच हे घालतोय, असं तिला वाटलं. पण तिने घातलं.

दुपारी अडीचला पेटी उघडली. तीनपैकी दोन लागल्या होत्या. आईच्या विरजणाची चौथी पाणीच राहिली होती.

"दोन!" भाची ओरडली. मावशी मात्र चौथ्या बाटलीकडेच बघत होती.

"का गं मेली ही?" ती म्हणाली. "वस्तादांच्या काळी खोली उघडी होती. टाक्यांचे शिंतोडे उडायचे, कालच्या टाकीतलं थोडं पाणी आजच्या बरणीत जायचं, झाकणं कधी सापडायची कधी नाही. तेव्हा एकदाही टाकी गेली नाही. आणि आता काच आहे, हातमोजे आहेत, गाळलेली हवा आहे..."

भाचीने चौथी बाटली उचलून उजेडात धरली. "काच लागल्यापासून सहा वर्षांत तिने शत्रू बघितलाच नाही, मावशी."

"म्हणजे मीच तिला घरकोंबडी केली."

हे वाक्य बोलायला तिला फार जड गेलं. काचेची खोली तिने साहेबांशी भांडून मिळवली होती. पाटी तिने लावली होती. तिच्या सगळ्या अभिमानाची जागा ती खोली होती, आणि त्याच खोलीत विरजण वर्षागणिक नाजूक होत गेलं होतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते लपवलंही नाही.

"मी महिन्यातून एकदा काय करते माहितीय ना?" भाचीने विचारलं.

माहीत नसायला काय झालं? सगळी डेअरी त्यावर खार खाऊन होती. दर महिन्याला भाची स्वतःच डेअरीच्या कॉम्प्युटरांवर दरोडा घालायची. खोट्या नावाने मेल पाठवायची आणि कोण फसतं ते बघायची. टाकीवाल्याने फुकट बुटांच्या आशेने पासवर्ड देऊन टाकला होता. साहेब तर लागोपाठ दोन महिने फसले; एकदा परदेशवारीच्या बक्षिसाला आणि एकदा 'तुम्ही फसला होता, तपासण्यासाठी इथे दाबा' याला. दोन दिवस त्यांनी भाचीशी अबोला धरला. पण तिसऱ्या महिन्यात पहिला फोन त्यांचाच आला, "पोरी, हे पत्र तुझंच दिसतंय." तेव्हापासून आजतागायत साहेब फसले नाहीत. उलट खऱ्या चोरांची दोन पत्रं त्यांनीच पकडून दिली.

"घाव बेताचा घालायचा," भाची म्हणाली, "पण नेमाने घालायचा. आणि दर वेळी वेगळा."

मावशीने डोळे पुसले. खालच्या फळीवर एक आणि तीन नंबरच्या नापास बाटल्या अजून पाणीच होत्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून भाची एक पाऊल मागे सरली.

"या दोघींचंही गाळ," मावशी म्हणाली. "तिन्ही टाक्यांचं विष एकत्र करायचं आणि दुप्पट द्यायचं. बघू कोण उभं राहतं!"

लागलेल्या दोन बाटल्यांतल्या विरजणाच्या बारा बाटल्या लावल्या. पेटीला वेळेचं बटण होतं, ते लावून दोघी घरी गेल्या. घरी मावशीने नवऱ्याच्या पानात दोनदा आमटी वाढली आणि पोळी वाढलीच नाही. नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक, स्वभावाने थंड, तो आमटी पिऊन उठला आणि म्हणाला, "उद्या काय ते कळेल ना?"

गुरुवारी सकाळी बारांपैकी आठ पाणी होत्या, तीन कशाबशा लागल्या होत्या, आणि एक बाटली, नववी, अशी लागली होती की उलटी केली तरी थेंब सांडेना! मावशीने ती सरळ उलटी करून काचेतून साहेबांना दाखवली. साहेब फोनवर बोलत होते, ते बोलायचे थांबले.

मग काय विचारता! दुपारी नववी बाटली बरणीत गेली, संध्याकाळी बरणी बादल्यांत, आणि शुक्रवारी पहाटे पाचला टाकीवाल्याने दोन नंबरच्या टाकीत बादल्या रिकाम्या केल्या. कॉस्टिकने धुतली असली तरी टाकी तीच होती, सोमवारी फसलेली. एक नंबर घेऊ असं साहेब म्हणाले होते, पण मावशी हटून बसली. मारायचं असेल तर तिथेच मारू दे, ती म्हणाली.

साडेनऊला सगळी डेअरी टाकीभोवती. पॅकिंगच्या बायका टोप्यांसकट, ड्रायव्हर, भाची नखं खात. साहेब घड्याळाकडे बघत होते आणि आपण घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होते. पावणेदहाला मावशीने पळी घातली. पळी आत गेली आणि बाहेर आली, आणि ती जिथे शिरली होती तिथे दह्यात तिच्या आकाराचा खड्डा तसाच राहिला.

जो गलका उडाला तो काय सांगावा! टाकीवाल्याने झाकण ढोलासारखं बडवलं. भाचीने साहेबांनाच मिठी मारली आणि मग लाजून टाकीवाल्याच्या मागे लपली. साहेबांनी पाकिटवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की नको. मावशी एकटी अजून टाकीवर वाकलेली होती. तिने पळीच्या टोकावरचं दही बोटाने चाखलं, आणि पुन्हा एकदा चाखलं.

चव तीच नव्हती.

वाईट नव्हती. आंबटपणा जरा मऊ, आणि दह्याला एक बारीकशी तार. दुसऱ्या कुणाला कळलीही नसती; साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि "नेहमीसारखंच" म्हणाले. पण मावशीला कळली, आणि ज्या माणसाला तिने शब्द दिला होता त्याला तर कळणारच होती. आईची जुनी बाटली तिने फेकली नव्हती, पण आता टाकीत तिचा उपयोग नव्हता. जगलं होतं ते हे.

रविवारपर्यंत थांबवेना. दुपारीच तिने वाटी भरली, झाकण लावलं आणि दोन गल्ल्या चालत गेली. वाटेत तिने चार वेळा बोलणं जुळवलं आणि चार वेळा मोडलं.

वस्ताद खिडकीशी बसले होते. "आज रविवार कुठाय?" ते म्हणाले. मावशीने उत्तर न देता वाटी हातात दिली. त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले. मान हलली नाही.

"हे ते नाही," ते म्हणाले.

"नाही," मावशी म्हणाली. वाटेत जुळवलेलं काहीच आठवेना. मग तिने नुसतं खरं तेच सांगितलं. टाक्या, नापास बाटली, विष, नववी बाटली, काच, सगळं. "वस्ताद, ते तेच राहिलं असतं तर मेलं असतं. मी चव राखू शकले नाही. ते जिवंत तेवढं राखलं."

वस्तादांनी चमचा वाटीत ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मावशीला वाटलं रडतायत, ती घाबरून पुढे झाली, तर म्हातारा हसत होता!

"माझ्याकडे तीनदा मेलं होतं," ते म्हणाले. "तू यायच्या आधी. टाक्या धडाधड गेल्या. तिन्ही वेळा खालच्या फळीवरच्या नापास बाटलीतून वर काढलं, आणि तिन्ही वेळा चव बदलली. असं का होतं, ते मला कुठे कळत होतं! मी कुणाला बोललो नाही. मालक हाकलतील म्हणून भ्यायलो. तुला दिलं ते चौथं होतं."

मावशी बघतच राहिली. "आणि चव बदलू देऊ नकोस म्हणालात ते?"

"आता निरोपाला काहीतरी बोलावं लागतं ना!" वस्ताद म्हणाले. "नापासाचं तोंड बघ म्हणून रोज ओरडत होतो, ते कधी सोडू नकोस, हे सांगायचं होतं. पण का ते मलाच ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक झालं."

त्यांनी दुसरा चमचा घेतला, मग तिसरा. वाटी खरवडल्याचा आवाज आला, तेव्हा मावशीला इतका आनंद झाला की तिला बसावं लागलं.

"तार आवडली मला," वस्ताद म्हणाले. "रविवारी मोठी वाटी आण."

शनिवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर कामावर गेली. उबेच्या पेटीतली खालची फळी तिने स्वच्छ पुसली आणि तीन कुप्या भरून विष नव्या चिठ्ठ्या लावून तिथे मांडलं, दर महिन्याच्या एक तारखेला विरजणाला बेताबेताने द्यायला. मग टाकीवाल्याचा पाना मागून घेतला आणि दारावरची पाटी काढली.